लष्करी वसाहतीतील सौर छत: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

माझे पती सैन्यात असल्यामुळे आम्ही पुण्यातील एका लष्करी वसाहतीत राहतो. आमच्या क्वार्टर्सपासून एमआय रूम (लष्करी दवाखाना) आणि कॅन्टीनकडे जाणाऱ्या पायवाटेवर दोन वर्षांपूर्वी सौर पॅनेलचे छत उभारण्यात आले. मी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेली असल्याने पायाचे खड्डे खणले जात होते तेव्हापासून हे काम लक्षपूर्वक पाहत आले आहे.

छतावर 540 वॅटची 48 पॅनेल आहेत, म्हणजे एकूण क्षमता जवळपास 26 किलोवॅट. खाली वेगळा पत्रा नाही. सुमारे सव्वादोन मीटर लांबीची पॅनेल वाटेवर आडवी बसवून तेच छप्पर केले आहे. पॅनेलच्या दोन्ही बाजूंना काच असल्याने वीज तयार करणाऱ्या पेशींमधल्या फटींतून मंद उजेड खाली येतो आणि भर दुपारीही वाट काळोखी वाटत नाही. उन्हाळ्यातील स्वच्छ दिवशी मीटरवर शंभराच्या आसपास युनिट दिसतात, तर पावसाळ्यातील ढगाळ दिवशी त्याच्या निम्मीही होत नाहीत. पुण्याचे अक्षांश पाहता साधारण 18 अंशांचा उतार वर्षभराच्या विजेसाठी सर्वांत फायद्याचा ठरला असता. परंतु अरुंद वाटेवरचे उघडे छत तेवढे तिरपे केले, तर वादळात ते शिडासारखा वारा धरते, म्हणून येथे उतार फार कमी ठेवला आहे. त्यापायी थोडी वीज कमी मिळते, तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो.

सांगाड्याचे काम उत्तम आहे. खांबांवर जस्ताचा लेप कारखान्यातच चढवला होता आणि जागेवर वेल्डिंग न करता सर्व जोड बोल्टने केले, त्यामुळे अद्याप कोठेही गंज दिसत नाही. सोळा पॅनेलच्या एका मालिकेत उन्हाच्या वेळी 600 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह असतो आणि खाली दिवसभर मुले खेळतात, हे लक्षात घेऊन सर्व केबल धातूच्या नळ्यांतून नेल्या आहेत आणि या डीसी विजेचे नेहमीच्या एसी विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर कुलूपबंद जाळीत ठेवला आहे. आई म्हणून मला याचे मोल फार वाटते.

गंभीर त्रुटी होती ती पाण्याची. दोन पॅनेलमध्ये ती धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पसाठी बोटभर फट सोडावीच लागते. मात्र ती बुजवण्याची तरतूद कंत्राटदाराने केलीच नव्हती. पहिल्या जूनमध्ये प्रत्येक फटीतून धार लागली, आणि तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन एमआय रूमला निघालेल्या बायकांना छताखालीही छत्री उघडावी लागली. हे काम वीजनिर्मितीचे आहे, पाऊस अडवण्याचे नव्हे, असे उत्तर आम्हाला मिळाले. ते मला मुळीच पटले नाही, कारण माणसे ज्याखालून चालतात ते आधी छप्पर असते. बरेच अर्ज केल्यानंतर दिवाळीच्या सुमारास फटींवर रबरी पट्ट्या बसल्या आणि खालच्या कडेला पन्हळ लागली. दुसऱ्या पावसाळ्यात छताखालची वाट कोरडी राहिली. ज्या वसाहतींत असे काम होणार असेल, तेथील रहिवाशांनी पट्ट्या आणि पन्हळ निविदेतच नमूद आहेत का, हे अवश्य विचारून घ्यावे.

सफाई महिन्यातून दोनदा, पहाटे होते. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये, हे कामगारांना नीट शिकवलेले आहे.

एक उणीव मात्र अजून कायम आहे. बाहेरचा वीजपुरवठा खंडित झाला की पॅनेलची वीज उलट बाहेरच्या लाइनमध्ये जाऊ नये म्हणून, लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी, हा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. हा नियम आवश्यकच आहे, आणि रात्री तर पॅनेलमधून वीज मिळतही नाही; त्यामुळे अंधार पडल्यावर वीज गेली की वाटेवरचे दिवेही जातात. आमच्याकडे अनेक घरांतील पुरुष सीमेवर आहेत आणि रात्रीबेरात्री आजारी मुलाला घेऊन त्या बायकांना एकटीनेच निघावे लागते. वाटेवर 10 वॅटचे बारा दिवे आहेत. ते रात्रभर, बारा तास जळले तरी दीड युनिटही लागत नाही. तेवढ्यापुरती एक बॅटरी बसवावी, असा अर्ज आम्ही सर्व कुटुंबांनी सह्यांनिशी दिलेला आहे.