चंदीगड की भुवनेश्वर? पुण्याहून जाणाऱ्यांनी काय निवडावं

आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. शहरच बघायचं असेल तर चंदीगड, आणि शहरात मुक्काम टाकून आजूबाजूचा मुलूख बघायचा असेल तर भुवनेश्वर. बाकी सगळं याच्यावरूनच ठरतं.

दोन्ही राजधान्या स्वातंत्र्यानंतर आखून उभ्या केलेल्या. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानीच उरली नाही, काही वर्षं शिमल्यावरून कारभार चालला आणि मग शिवालिकच्या पायथ्याशी नवं शहर आखलं, ते चंदीगड. तिकडे ओडिशाची राजधानी होती कटक, महानदी आणि काठजोडीच्या बेचक्यात अडकलेलं, वाढायला जागा नाही, म्हणून पलीकडे जुन्या देवळांच्या गावाशेजारी मोकळ्या माळावर नवी राजधानी आखली आणि १३ एप्रिल १९४८ ला नेहरूंनी पायाभरणी केली. भुवनेश्वरचा आराखडा ओट्टो क्योनिग्सबर्गर नावाच्या जर्मन आर्किटेक्टचा. चंदीगडचं नाव ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टशी जोडलेलं, पण त्याच्याही आधी आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी आराखडा केला होता, १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेला आणि मग काम कॉर्बुझिएकडे आलं.

इथपर्यंत सारखं, पण प्रत्यक्षात गेलात की दोन्हीकडचा अनुभव पार वेगळा.

चंदीगडमध्ये तुम्ही जे बघायला जाता ते म्हणजे आखणीच. ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर, प्रत्येकात आपलं मार्केट, आपली शाळा, मधून जाणारा हिरवा पट्टा, मोठे रस्ते सेक्टरच्या बाहेरून. आपल्याकडे पत्ता सांगताना शनिपारावरून आत, मग मारुतीच्या मागे, मग कुणालाही विचारा, असं चालतं. तिथे सेक्टर आणि घर नंबर सांगितला की संपलं. आणि गाड्या झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबतात, हे पुणेकराने दोन मिनिटं उभं राहून बघण्यासारखं दृश्य आहे, उगाच हसू नका.

कॅपिटॉल कॉम्प्लेक्स मात्र नीट वेळ काढून बघा. हायकोर्ट, सचिवालय, विधानसभा, तीन अवाढव्य काँक्रीटच्या इमारती, २०१६ पासून जागतिक वारसा यादीत. आत असंच फिरता येत नाही, ओळखपत्र दाखवून ठरलेल्या वेळी गाईडबरोबर जावं लागतं कारण दोन राज्यांचा कारभार तिथून चालतो (पंजाब आणि हरियाणाच्या विधानसभा एकाच इमारतीत बसतात, चंदीगड स्वतः केंद्रशासित). विधानसभेच्या डोक्यावर पॉवर स्टेशनच्या कूलिंग टॉवरसारखा घुमट आहे आणि खाली कॉर्बुझिएने रंगवलेला मोठा एनॅमलचा दरवाजा. उघड्या हाताचं ते प्रसिद्ध शिल्प २६ मीटर उंच, वाऱ्यावर फिरतं. मधला चौक इतका मोठा आणि उघडा की उन्हात चालताना जीव जातो, म्हणून सकाळची वेळ घ्या. आता खरं सांगायचं तर आर्किटेक्चरची आवड नसेल तर घरातले अर्धे लोक तिथे अर्ध्या तासात कंटाळतील, ‘हे तर आमच्या जुन्या सरकारी ऑफिससारखं दिसतं’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. ते चूकही नाही, कारण पुढे देशभरातल्या सरकारी ऑफिसांवर याचीच छाप पडली. आणि इथल्याच ऑफिसांतल्या, कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिअर जान्नरे याच्या डिझाइनच्या, भंगारात काढलेल्या खुर्च्या परदेशात लिलावात लाखो रुपयांना गेल्या, ही गोष्ट सांगितली की तेच लोक परत लक्ष देऊन बघायला लागतात.

रॉक गार्डन मात्र कुणालाच कंटाळा आणत नाही. नेकचंद हे पीडब्ल्यूडीत रोड इन्स्पेक्टर. शहर उभं राहताना पाडलेल्या गावांतून निघालेला राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाइल्स, विजेची सॉकेट्स गोळा करून त्यांनी १९५७ च्या सुमारास जंगलातल्या सरकारी जागेत गुपचूप बाग रचायला सुरुवात केली. बरीच वर्षं कुणाला पत्ताच नाही. सापडली तेव्हा ती पाडायचीच वेळ आली होती, पण लोक बाजूने उभे राहिले आणि १९७६ मध्ये ती रीतसर उघडली, वर नेकचंदना पगार देऊन तेच काम दिलं. म्हणजे देशातल्या सगळ्यात नियमात बसवलेल्या शहरात लोक सगळ्यात जास्त गर्दी करतात ती एका अनधिकृत बांधकामाला! आत जायच्या वाटा मुद्दाम अरुंद, कमानी इतक्या ठेंगण्या की वाकून जावं लागतं, आणि मग एकदम बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायकांची रांगच्या रांग समोर येते. गुडघे दुखणाऱ्यांना चढउतार जरा त्रासाचे आहेत.

त्याच्याच जवळ सुखना लेक, संध्याकाळी तिथे अख्खं शहर चालायला येतं. सेक्टर १० चं म्युझियम लोक सोडून देतात ते सोडू नका, फाळणीत लाहोरच्या म्युझियमचा संग्रह वाटला गेला त्यातली गांधार शिल्पं इथे आहेत. रोझ गार्डन फेब्रुवारी-मार्चमध्ये, एरवी गेलात तर नुसती झुडपं बघून याल. एवढं झालं की दोन दिवसांत शहर संपलं.

भुवनेश्वरमध्ये उलट आहे. नव्या राजधानीचा भाग तुम्ही बहुतेक हॉटेलवरून निघताना नुसता पार कराल. युनिट म्हणून पाडलेले भाग, रुंद जनपथ, झाडाखाली बसकी सरकारी क्वार्टर्स, छान आहे, स्वच्छ आहे, पण मुद्दाम बघावं असं फार नाही. खरं शहर रेल्वेलाइनच्या पलीकडे, जुन्या गावात. अकराव्या शतकाचा लिंगराज, त्याच्या आधीचा छोटासा मुक्तेश्वर, राजाराणी, आणि मध्ये बिंदुसागर तलाव. लिंगराजच्या आत फक्त हिंदूंना प्रवेश आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. मला विचाराल तर मुक्तेश्वराचं तोरण, म्हणजे समोरची दगडी कमान, बघण्यात जास्त वेळ घालवा, देऊळ एवढंसं पण कोरीव काम असं की जवळ जाऊन बोटभर अंतरावरून बघत राहावं.

मग खंडगिरी-उदयगिरीच्या गुंफा. तिथे हाथीगुंफेत कलिंगच्या खारवेल राजाचा शिलालेख आहे, त्यात सातवाहन राजा सातकर्णीचा उल्लेख येतो. नाणेघाट चढून तिथला सातवाहनांचा लेख बघितलेल्या लोकांना ही गोष्ट वेगळीच वाटेल, कारण जुन्नरच्या घाटातल्या घराण्याचं नाव इतक्या लांब पूर्वेला, दुसऱ्याच राजाच्या फुशारकीत वाचायला मिळतं. माकडं भरपूर, हातात पिशवी मिरवू नका. दुसऱ्या टोकाला धौली, अशोकाचा शिलालेख आणि वर खडकातून अर्धा बाहेर आलेला हत्ती. लोक वरच्या पांढऱ्या शांतिस्तूपाकडे पळतात, हत्ती रस्त्यालगत खालीच राहतो आणि बऱ्याच जणांना दिसतच नाही.

आता आजूबाजू, आणि इथेच खरा निर्णय होतो.

भुवनेश्वरहून पुरी ६० किलोमीटर, कोणार्क ६५, आणि पुरी-कोणार्क रस्ता समुद्राकडेने सुरूच्या बनातून जातो, म्हणजे त्रिकोण पुरा होतो, आलेल्या रस्त्याने परत यावं लागत नाही. कोणार्कला खिशात चॉकलेटी रंगाची दहाची नोट ठेवा, मागच्या बाजूला हेच देऊळ आहे. चाकं चोवीस, प्रत्येक माणसापेक्षा बरंच उंच, आणि आऱ्यांवर इतकं बारीक काम की गाईड सावलीवरून वेळ सांगून दाखवतात. मुख्य शिखर केव्हाच पडलंय, उभा आहे तो समोरचा जगमोहन, म्हणजे सभामंडप, आणि तोही पडू नये म्हणून इंग्रजांनी १९०३ मध्ये आतून वाळूने भरून बंद केला, त्यामुळे आत जायला मिळत नाही हे पोरांना आधीच सांगून ठेवा. देवळासमोरचा अरुण स्तंभ इथे शोधू नका, तो अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात पुरीला नेला आणि जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर उभा केला. हो, ओडिशा १७५१ ते १८०३ नागपूरकर भोसल्यांकडे होतं, शाळेत एका ओळीत संपलेला हा भाग तिथे दगडात उभा दिसतो.

पुरीत दर्शनापेक्षा मला आनंदबाजार जास्त आवडतो. देवळाच्या आवारातच महाप्रसाद विकायला असतो, मातीच्या मडक्यात, लाकडावर एकावर एक मडकी रचून शिजवलेला, कांदा-लसूण नाही, बटाटा-टोमॅटो पण नाही. भात, डाळ, भाज्या, केळीच्या पानावर घ्यायचं आणि शेजारी कोण बसलंय न विचारता खायचं. तिथे एकादशीलाही महाप्रसादाचा भात खातात, साबुदाण्याच्या खिचडीवर वाढलेल्या माणसाला ते पचवायला थोडा वेळ लागतो. पंडे मागे लागतात, काय द्यायचं ते आधी ठरवून घ्या, नाहीतर सरळ हात जोडून पुढे चला. फोन आणि चामड्याच्या वस्तू बाहेर.

वाटेत रघुराजपूर, पट्टचित्रवाल्यांचं गाव. जुन्या सुती कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून ते दगडाने घासून गुळगुळीत करतात, मग त्यावर दगडाचे, शंखाचे, काजळीचे रंग. घराच्या ओट्यावरच काम चालू असतं, बसून बघू देतात, घ्यायची जबरदस्ती मला तरी कुणी केली नाही. थंडीत गेलात तर चिल्का सोडू नका. सातपाड्याला डॉल्फिन दिसतात पण तिथे बोटींचा गोंगाट, त्यापेक्षा मंगळाजोडीला सकाळी बांबूने ढकलत नेलेल्या साध्या होडीतून पक्षी बघा, नावाडी एकेकाळचे शिकारीच, त्यांना पक्षी बरोब्बर माहीत.

चंदीगडच्या आजूबाजूला काय? डोंगर. कालकापर्यंत तासाभरात, तिथून शिमल्याची छोटी गाडी, १९०३ ची, ९६ किलोमीटर, शंभराच्या वर बोगदे. गाडी हळू जाते, पाच-सहा तास धरा, मुलांना पहिले दोन तास मजा, मग ‘कधी येणार’ सुरू. त्यापेक्षा कसौली जवळ आणि निवांत. पिंजोरची मुघल बाग जाता-येता. आनंदपूर साहिब दोनेक तासांवर, तिथलं विरासत-ए-खालसा म्युझियम खरंच बघण्यासारखं. अमृतसर मात्र सव्वादोनशे किलोमीटर, त्याला ‘जवळ’ म्हणू नका, वेगळा मुक्काम ठेवा. आणि दिल्लीमार्गे गेलात तर रस्त्यातच पानिपत. काला आंबची जागा म्हणजे एक स्तंभ आणि भोवती बाग, बघायला म्हटलं तर काहीच नाही, पण मराठी माणूस तिथून न थांबता पुढे गेला असं मी अजून ऐकलं नाही.

म्हणजे बघा, भुवनेश्वरची आजूबाजू तासा-दीड तासात आहे आणि प्रत्येक ठिकाण वेगळं आहे. चंदीगडला घाट चढावा लागतो, आणि गाडी लागणारं कुणी असेल तर तुमची अर्धी ट्रिप गोळ्या-लिंबात जाते.

जायचं कसं? थेट विमान दोन्हीकडे मिळतं, रोजचं वेळापत्रक बदलत राहतं तेवढं बघून घ्या, डिसेंबर-जानेवारीत चंदीगडला धुक्यामुळे विमानं लटकतात. रेल्वेने झेलम एक्स्प्रेस पकडून अंबाला कँटला उतरायचं, तिथून चंदीगड ५० किलोमीटरच्या आतच आहे, पण उतरायची वेळ तपासा. किंवा दिल्लीपर्यंत जाऊन शताब्दी. भुवनेश्वरला कोणार्क एक्स्प्रेस पुण्याहून थेट जाते, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम करत, दीड दिवसाच्या आसपास. बरोबर आई-बाबा असतील तर माझं मत एकीकडून रेल्वे, एकीकडून विमान.

खाण्यात भांडण लावायचं नाही, पण सांगते. चंदीगडला पराठे, छोले-भटुरे, लस्सी, सेक्टर ३५ मध्ये हवं ते मिळेल, सगळं ओळखीचं. ओडिशात नवीन चव मिळते. दालमा, म्हणजे कच्ची पपई, भोपळा, वांगं घालून केलेली डाळ, आपल्या जिभेला लगेच जमते. छेनापोड, करपवून भाजलेल्या छेन्याचा, म्हणजे ताज्या पनीरचा, केकच म्हणा. आणि भुवनेश्वर-कटक हायवेवर पहालाला रसगुल्ल्यांच्या दुकानांची रांग आहे, तिथला रसगुल्ला पांढराशुभ्र नसतो, बदामी असतो, मऊ, कढईतून गरम काढून देतात. मासे खाणाऱ्यांनी तर विचारच करू नये. हॉटेलंही भुवनेश्वरला तुलनेने स्वस्त, चंदीगडात शहराबाहेर झिरकपूर किंवा पंचकुलात राहिलात तर जमतं.

आता कुणी कुठे जावं. जोडून सुट्टी आली आणि तीनच दिवस आहेत, किंवा घरात आर्किटेक्चरचं पोर आहे, किंवा पुढे हिमाचलात जायचंच आहे, तर चंदीगड, फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाच-सहा दिवस आहेत, आजी-आजोबा बरोबर आहेत, देऊळ, समुद्र, पक्षी, खरेदी सगळ्यांना आपापलं काहीतरी पाहिजे, तर भुवनेश्वर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोणार्कला नृत्यमहोत्सव असतो, तो जुळला तर उत्तम. ऑक्टोबर वादळांचा महिना, त्यात तिकीट काढू नका. आषाढात रथयात्रा, म्हणजे साधारण आपल्या पालख्या निघतात त्याच दिवसांत. वारी करणाऱ्यांना गर्दीची सवय असते म्हणून एखादा म्हणेल जाऊया, पण पुरीत तेव्हा खोली मिळणं अवघड, उकाडा भयंकर, लहान मुलं घेऊन तर नाहीच. आणि फक्त मे महिन्यातच सुट्टी मिळत असेल तर भुवनेश्वर विसरा, चंदीगडला उतरून त्याच दिवशी कसौली गाठा, शहर परतीच्या सकाळी बघा.