टाउन मीटिंग: खुली की प्रातिनिधिक?

टाउन मीटिंग म्हणजे गावाचं बजेट आणि नियम ठरवणारी सभा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तिचे दोन्ही प्रकार चालतात. खुल्या सभेत कुठलाही नोंदणीकृत मतदार शाळेच्या हॉलमध्ये येऊन बसतो, बजेटमधल्या एखाद्या रकमेवर हरकत घेतो, दुरुस्ती सुचवतो, मतदानाचं कार्ड उंचावतो. खरी मजा यातच! पण लेकरं झोपवायची किंवा रात्रपाळी असेल, तर जाणार कसं? शेवटी ठरवतात ते रिकामा वेळ असलेले.

प्रातिनिधिक सभा बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइन गावाने १९१५ पासून चालवली: प्रभागांतून निवडलेले सदस्यच मत देतात. ६,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांना ही सोय नाही.

झोनिंगच्या (कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याच्या नियमांच्या) बदलाला दोन्हीकडे सहसा दोन तृतीयांश मतं लागतात; २०२१ पासून घरबांधणीच्या काही बदलांना साधं बहुमत पुरतं.

मला खुलीच आवडते. ग्रीन कार्डवाल्या आपल्या मंडळींना मात्र घरपट्टी भरूनही या दोन्ही सभांत मत नाही.