साइटवरचा खिशातला टीडीएस मीटर: काँक्रीटच्या पाण्यासाठी किती भरवशाचा?

गोव्याच्या किनाऱ्यावर, कोलवा-कळंगुटच्या पट्ट्यात, उन्हाळ्याच्या शेवटी विहिरी मचूळ होतात आणि स्लॅबसाठी टँकर येतो. तेव्हा अनेक ठेकेदार हा पेनासारखा, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार (टीडीएस) दाखवणारा मीटर बुडवून पाणी पास करतात. उपकरण चांगले आहे, पण त्याच्यावर टाकलेला भरवसा चुकीचा आहे.

आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अकार्बनी क्षारांची मर्यादा लिटरला 3000 मिलीग्रॅम आहे, म्हणून मीटरवर 1800 दिसले की माणसे निर्धास्त होतात. पण आरसीसीसाठी, म्हणजे सळी घातलेल्या काँक्रीटसाठी, क्लोराईडची वेगळी मर्यादा आहे, फक्त 500. समुद्राच्या क्षारांत वजनाने निम्म्याहून अधिक क्लोराईडच असते. म्हणजे किनाऱ्याजवळ मीटर हजाराच्या आसपास गेला तरी पाणी संशयित. एका घनमीटरला 180 लिटर पाणी धरा. त्यात 2000 क्लोराईड असेल तर 360 ग्रॅम थेट सळीशेजारी जाते, आणि काँक्रीटमध्ये एकूण चालते 600 ग्रॅम, तेही वाळू, खडी, सिमेंट सगळे धरून! चाचणीच्या घनाची (क्यूबची) ताकद तरी बरी येईल. पण क्लोराईडमुळे चढणारा गंज मागाहून सळी फुगवतो आणि कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, सुटते.

मीटर ठेवाच, पण सोबत क्लोराईडच्या पट्ट्या घ्या. नमुना टँकरच्या पाइपातून, थोडे पाणी वाहून गेल्यावर. आतल्या डिचोली-सांगेकडच्या लाल गाळाला मीटर आंधळाच, कारण तो विरघळलेले क्षारच मोजतो. ते पाणी रात्रभर टाकीत निवळू द्या. सामू (pH) 6 च्या खाली नको. ताकदीबद्दल शंका राहिलीच तर त्याच पाण्याने काँक्रीटचे घन पाडा: 28 दिवसांची ताकद डिस्टिल्ड पाण्याच्या घनांच्या 90 टक्के तरी हवी.