जवसाचं बी-उत्पादन वाढवायचंय, तर पेडिग्री घ्यायची की एसएसडी?

दोन वाणांचा क्रॉस करून झाला, एफ-२ चं म्हणजे क्रॉसनंतरच्या दुसऱ्या पिढीचं बी हातात आलं, आता पुढच्या पिढ्या कशा न्यायच्या यावर बरेच जण अडतात. समोर रस्ते दोन, पेडिग्री पद्धत नाहीतर सिंगल सीड डिसेंट म्हणजे एसएसडी. आधीच सांगून टाकतो, टार्गेट बियाचं उत्पादन असेल तर मी एसएसडीच्या बाजूने आहे.

पेडिग्रीत एफ-२ पासूनच चांगली झाडं निवडायची, प्रत्येकाचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या हंगामात त्याची स्वतंत्र ओळ लावायची, ओळीतून परत झाडं निवडायची आणि सगळ्याची वहीत नोंद. रोगांसाठी ही पद्धत खरंच भारी आहे. मर रोगाच्या जमिनीत एफ-२ लावलं की कमजोर झाडं आपोआप जातात, आणि तांबेऱ्याचा रेझिस्टन्स तर बहुतेक वेळा एकेका जीनवर चालतो, शास्त्रज्ञ फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जीन-फॉर-जीनचं (झाडाच्या एका रेझिस्टन्स जीनला रोगाचा एक जीन जुळतो, असं) गणित जवसाच्या तांबेऱ्यावरच मांडलं होतं. पानावर दिसतं, लगेच निवडता येतं. दाण्याचं वजनही पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरतं.

गडबड होते ती उत्पादनात. झाडावर बोंडं किती, बोंडात दाणे किती आणि दाणा किती वजनाचा, यावर सगळं ठरतं. बोंडात कप्पे पाच, प्रत्येकात जास्तीत जास्त दोन दाणे, म्हणजे १० च्या वर जायचा प्रश्नच नाही. राहिली बोंडांची संख्या, उत्पादनाशी सगळ्यात घट्ट नातं तिचंच, आणि नेमका हाच गुण सगळ्यात फसवा! एफ-२ मध्ये आपण झाडं लांब लांब लावतो, मोकळी जागा मिळाली की जवस बुडापासून फांद्या फोडतं, शेजारचं रोप मेलं तर उरलेल्या झाडावर बोंडंच बोंडं, आपण खूश होऊन तेच निवडतो आणि पुढे दाट पेरलं की त्याची पोरं एका दांड्यावर सरळ उभी, शेंड्याला थोड्या फांद्या आणि मोजकी बोंडं. फायदा जागेचा होता, जीनचा नव्हता.

एसएसडीत ही फसगत टळते, कारण सुरुवातीला निवडच करायची नाही. प्रत्येक झाडाचं एक बी पुढे न्यायचं, बस. जवस स्वपरागित, त्यामुळे दर पिढीला हेटेरोझायगोसिटी (जीनच्या जोडीतले दोन भाग वेगवेगळे असणं) निम्मी होते, एफ-६ पर्यंत जेमतेम ३ टक्के उरते. लहान कुंडीतही झाड बी धरतं, ग्रीनहाऊस असेल तर वर्षात एकापेक्षा जास्त पिढ्या निघतात. मग स्थिर झालेल्या ओळींचं बी वाढवून, पेरणीच्या खऱ्या अंतरावर, चेक वाणासोबत (तुलनेसाठीचा प्रचलित वाण), रिपीट घेऊन म्हणजे तीच ओळ अनेक प्लॉटमध्ये लावून तुलना करायची. उत्पादन खरं कळतं ते इथेच.

तोटे आहेतच. टाकाऊ झाडंही शेवटपर्यंत सोबत येतात आणि ट्रायलचा खर्च वाढतो. बी उगवलं नाही तर ती ओळ कायमची गेली, म्हणून एका बोंडातले दोन-तीन दाणे टाका आणि रोप एकच ठेवा.

म्युटेशनचं, म्हणजे किरणं किंवा रसायनांनी जीनमध्ये बदल घडवण्याचं विचाराल तर तेलाचा दर्जा बदलायला जबरदस्त, कमी लिनोलेनिक आम्लाचं जवस त्यातूनच आलं, पण उत्पादनासाठी मी पहिला पैसा तिथे घालणार नाही. हायब्रिडचंही तेच, नरवंध्यता (झाडाला कामाचे परागकण न येणं) जवसात १९२१ पासून माहीत आहे, पण परागकण एका फुलातून दुसऱ्यात पुरेसे जाणार कसे, तिथे गाडी अडते.

रोग आणि उत्पादन दोन्ही हवं असेल तर एफ-२ मर रोगाच्या प्लॉटमध्ये लावा आणि वाचलेल्या झाडांचं एसएसडी करा, फक्त मोठ्या दाण्याच्या मागे फार कडक निवड नको, दाणा ठळक झाला की बऱ्याचदा बोंडं कमी होतात. ग्रीनहाऊस नसेल, वर्षाला एकच हंगाम मिळत असेल, तर एसएसडीचा वेळेचा फायदा जातो पण नोंदी आणि मजुरी तरी वाचते, अशा वेळी एफ-४ पर्यंत एसएसडी न्या आणि तिथून ओळी पाडून छोट्या प्लॉटची तुलना सुरू करा.