सहा व्होल्टच्या गाडीला 'इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर' घेताय? थांबा जरा

जुनी जावा-येझदी मोटरसायकल बाळगणाऱ्यांना बेळगाव-निपाणी पट्ट्यात एक गृहस्थ हमखास भेटतात. स्वतः घरी बनवलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा व्होल्टेज आवरणारा डबा, विकतात. काळ्या इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) ओतलेला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, हातात घेतला की चांगला जड लागतो. किंमत २,८०० रुपये. जुना रेग्युलेटर दिला तर ५०० कमी. माझ्याकडे वडिलांची १९७९ ची येझदी आहे, म्हैसूरच्या कारखान्यातली. चार्जिंगचा दिवा लुकलुकायला लागला म्हणून त्यांच्याकडे गेलो.

मेख आहे ती त्यांच्या डेमोत. गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवायची, बॅटरीला मल्टिमीटर लावायचा आणि साडेसहा व्होल्ट दाखवायचे. गिऱ्हाईक खूश! पण आयडलला डायनॅमो मुळात जेमतेमच चालतो, तिथं रेग्युलेटर असला काय नि नसला काय, आकडा फारसा चुकत नाही. मी रेस वाढवा म्हटलं, तर "इपॉक्सी अजून ओली आहे, उद्यापासून हाणा की."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संकेश्वरला निघालो. वंटमुरी घाटात हेडलाइटचा बल्ब उडाला, पाठोपाठ मागचाही. नाकात ॲसिडचा वास. थांबून बघतो तर बॅटरी उकळत होती आणि सायलेन्सरच्या क्रोमवर पांढरे ओघळ आले होते. घरी येऊन मीटर लावला. रेस दिली तसा काटा साडेनऊ, मग अकरा. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल असतात. चार्ज होताना ती साधारण ७.२ व्होल्टच्या आसपास रोखावी लागते. त्याच्या फार वर गेलं की आतलं पाणी वायू होऊन उडून जातं आणि प्लेटांची वाट लागते.

हॉट एअर गननं इपॉक्सी मऊ करून तो डबा फोडला. आत एक साधा डायोड. फील्डची (डायनॅमोत चुंबक तयार करणाऱ्या कॉइलची) वायर सरळ जोडलेली, तिला कसलाच लगाम नाही. आणि वजन यावं म्हणून एक भलामोठा लोखंडी नट! त्याला गंजसुद्धा होता.

खरा रेग्युलेटर फील्डचा करंट सतत तोडत-जोडत राहतो. जुन्या डब्यात हे काम पॉइंट्स (उघडझाप करणारे धातूचे ठिपके) करतात, इलेक्ट्रॉनिकमध्ये ट्रान्झिस्टर करतो आणि व्होल्टेज ठरावीक आकड्यावर गेला की त्याला इशारा झेनर डायोडकडून मिळतो. कटआउटच्या (बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणाऱ्या स्विचच्या) जागी कमी व्होल्ट खाणारा शॉटकी डायोड लागतो, कारण सहा व्होल्टांतला पाऊण व्होल्ट साध्या डायोडमध्ये घालवणं परवडत नाही. सुटे भाग काही शेकड्यांत येतात. म्हणजे प्रामाणिकपणे बनवूनही या माणसाला नफाच होता.

पण त्याचा डोळा जुन्या रेग्युलेटरवर असतो, असं आता माझं ठाम मत आहे. उद्यमबागेतल्या माझ्या मेकॅनिकच्या मते दिवा लुकलुकतो तो बहुतेक वेळा कार्बन ब्रश झिजल्यानं, नाहीतर पॉइंट्सवर काजळी धरल्यानं. पॉलिश पेपर फिरवला की काम होतं. तोच ओरिजिनल डबा मग रिस्टोरेशनवाल्यांना चढ्या भावानं विकला जातो.

पैसे घेताना हे गृहस्थ झकास मराठी बोलत होते. परत मागायला गेलो तर त्यांना एकाएकी फक्त कन्नडच येऊ लागलं. मला दोन्ही येतात, त्यामुळे तो डाव फुकट गेला. मग "तुमची बॅटरीच खराब" सुरू झालं, आणि शेवटी फोन ब्लॉक. बिल नाही, त्यामुळे तक्रार करायलाही हातात काही नाही.

कुणाकडूनही घ्या, पण पैसे द्यायच्या आधी मीटर लावून रेस द्यायला लावा. साडेसातच्या वर गेला तर उठून या. आणि विचारा, फील्डचं दुसरं टोक डायनॅमोच्या आत अर्थला आहे की आर्मेचरला (फिरणाऱ्या, वीज देणाऱ्या कॉइलला)? दोन्हींची सर्किटं वेगळी असतात. बनवणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्यानं काहीही बनवलेलं नाही. जुना डबा मात्र घरीच ठेवा.

आणि हो, या भागात कुणी नुकताच 'ओरिजिनल' येझदी रेग्युलेटर घेतला असेल तर त्याच्या बुडाला लाल नेलपेंटचा ठिपका आहे का बघा. असेल तर कळवा, मी योग्य किंमत देऊन परत घेईन.