ऑक्टोबर हीटमध्ये फॉलवालं काय प्यायचं: मसाला दूध, भोपळा लॅटे की सीताफळ?

ऑक्टोबर लागला की इन्स्टावर सगळीकडे अमेरिका-कॅनडाकडचा 'फॉल', म्हणजे पानगळीचे दिवस: स्वेटर, लाल-पिवळी पानं आणि वाफाळते मग, आणि आपण इकडे ठाण्यात पंखा पाचवर ठेवून मानेवरचा घाम पुसतोय. पाऊस गेलेला असतो, आभाळ स्वच्छ, ऊन डोक्यावर, पण जमिनीतली ओल काही सुकलेली नसते, त्यामुळे पारा पस्तीसला आणि वर अंग चिकट. ह्यालाच शरद ऋतू म्हणायचं.

तर माझी मामेबहीण टोरांटोहून कायमची परत आली आणि पहिल्याच ऑक्टोबरात सुरू झाली, "ताई, मला तो दालचिनी-जायफळाचा वास मिस होतो गं, घरी काहीतरी करूया ना." मग महिनाभर आम्ही दोघींनी एकेक करून बघितलं. तुमचंही काय करू काय करू चाललं असेल तर आधी एकच ठरवा, पिणार किती वाजता. दुपारी चारला आणि रात्री दहाला गच्चीवर ह्याची उत्तरं पूर्ण वेगळी आहेत.

रात्रीचं असेल तर मसाला दुधाला तोड नाही. कोजागिरीला आपण हेच तर पितो, आणि आश्विन पौर्णिमेच्या सुमारास रात्री जरा तरी वारा सुटलेला असतो. एक लिटर फुल क्रीम दूध, आटवून पाऊण लिटर, साखर चार-पाच टेबलस्पून, बदाम-पिस्ते पंधरा-पंधरा आणि सहा वेलच्यांची भरड पूड, चिमूटभर जायफळ, केशर, वरून चारोळी. ह्यात अवघड काहीच नाही, फक्त गॅससमोर अर्धा तास उभं राहायचं आणि ते ऑक्टोबरात म्हणजे शिक्षाच आहे. मी पहिल्या खेपेला तीन लिटर चढवलं आणि फोन आला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेले, खाली लागलं. लागलं तर लागलं, पण मी शहाणी डावाने तळ खरवडत बसले आणि सगळ्या पातेल्याला तो जळका वास लागला, मग वेलची घाला नाहीतर केशर घाला, जात नाही. खरवडू नका, वरचं वरचं दूध हळूच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या, वाचतं. आणि उकळतं प्यायचं नाही, कोमट करून छोट्या कपात द्यायचं, मोठा मग कुणालाच संपत नाही. (एक गंमत, रात्र जागवायची म्हणून जमायचं आणि प्यायचं काय तर जायफळ घातलेलं दूध. आमच्या गच्चीवर साडेअकराला निम्मी मंडळी जांभया देत होती.)

भोपळा लॅटे, म्हणजे भोपळ्याच्या मसाल्याची दूधवाली कॉफी, ह्याबद्दल मी खूप नाक मुरडलेलं, खरं सांगते. स्टारबक्सने हे अमेरिकेत 2003 साली आणलं आणि गंमत म्हणजे त्यात खरा भोपळा 2015 पर्यंत नव्हताच, नुसता मसाल्याचा स्वाद. मसाला तरी कुठला, दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ, आपल्या डब्यातलाच की! घरी करायला सोपंय. पाव किलो लाल भोपळा वाफवायचा, मिक्सरला फिरवून गाळून घ्यायचा (गाळाच, नाहीतर घोटाघोटाला रेषा लागतात), त्यात गूळ आणि मसाला घालून मंद आचेवर दाट होईपर्यंत परतायचं. हा गर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, मसाला दुधाच्या तुलनेत हा ह्याचा मोठा प्लस पॉइंट, एकदाच घाम गाळा आणि चार दिवस प्या. ग्लासात दोन चमचे गर, गार दूध, बर्फ, वरून स्ट्राँग फिल्टर कॉफी. गरम करायला जाल तर गुळामुळे दूध फाटायची भीती, आणि तसंही दुपारी चारला गरम कोण पितंय. गार मात्र खरंच मस्त लागतं. माझ्या सासूबाईंनी एक घोट घेऊन "अगं घारग्याचं पीठ कॉफीत कालवलंस का" विचारलं आणि ग्लास संपवला.

सीताफळ दूध हे माझं मत विचाराल तर सगळ्यात आपल्या सीझनचं. ह्या दिवसांत सासवडकडची सीताफळं गाड्यांवर येतात, तिकडच्या लोकांचा भोपळा तशी आपली ही. पण बिया काढणं म्हणजे वैताग, चार जणांसाठी अर्धा तास धरा. गर चाळणीवर हाताने चोळून काढा, मिक्सर लावलात तर बिया फुटून चव बिघडते. आणि उकळत्या दुधात गर टाकायचा नाही, कडवट होतो, दूध पूर्ण गार झाल्यावरच. साखर जवळजवळ लागत नाही. मसाला नको, फार तर वेलची. पण मग तो दालचिनीवाला वास हवा असेल तर इथे मिळणार नाही, आमच्या मामेबहिणीने ह्याच कारणासाठी नापास केलं. मी दोन ग्लास प्यायले.

वासच पाहिजे असेल तर सफरचंद. तिकडे सायडर म्हणतात, दारू नाही, न गाळलेला रस असतो आणि तो मसाले घालून गरम करतात. ह्या दिवसांत काश्मीर-हिमाचलची सफरचंदं बाजारात भरपूर असतात, डाग पडलेली स्वस्तातली चालतात. पाच सफरचंदं सालासकट चिरून, दीड लिटर पाणी, दालचिनी, तीन-चार लवंगा, संत्र्याची साल. तासभर उकळायचं लिहिलेलं असतं, स्वयंपाकघराची भट्टी होते, मी सरळ कुकरला लावलं आणि गाळून फ्रिजमध्ये ठेवलं. दूध न चालणाऱ्यांना हेच द्या. चव जरा पाणचट वाटली, सोडा घातल्यावर सुधारली, पण कुकर उघडल्यावर जो वास सुटला त्यावर मामेबहीण पाच मिनिटं ओट्याशीच उभी.

गवती चहाचं काय सांगायचं, दोन पाती, आल्याचा तुकडा, बिनदुधाचा. दहा मिनिटांत होतो, कुठल्याही वेळी चालतो, पाहुण्यांना द्यायला मात्र साधा वाटतो.

तर गच्चीवर पंधरा-वीस जण असतील तर मसाला दूध, घरात दोघं-तिघं आणि दुपार असेल तर भोपळा लॅटे, वेळ आणि हौस असेल तर सीताफळ. आणि भोपळ्याचा गर उरला की त्याचे घारगे करा, गरात मावेल तेवढीच कणीक आणि चमचाभर तांदळाचं पीठ, पाण्याचा थेंबही घालायचा नाही.