जुन्या खेळण्यांचा मिस्टरी बॉक्स: माझे ९,१२७ रुपये गेले, तुम्ही तरी वेळीच बघा

दोन महिने झाले, लिहू की नको करत होते. घरातल्या चौघांना सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात तर अजिबात नाही, कारण मी एका पतसंस्थेत कॅशवर बसते, वीस वर्षं लोकांच्या नोटा आणि सह्या तपासतेय, आणि लोक म्हणणार हिला पण फसवलं? हो, मला पण. नऊ हजार एकशे सत्तावीस रुपयांना.

आधीच सांगते, स्वस्तात घबाड मिळतंय म्हणून मी धावले नव्हते. माझ्या धाकट्या भावाची एक पत्र्याची ट्रंक होती. त्यात ट्रम्प कार्डं, गोट्या, जी.आय. जोचे चार-पाच सैनिक आणि जत्रेतून आणलेली पत्र्याची बोट, ती वात पेटवली की परातीतल्या पाण्यात टरटरत फिरायची ती. १९९३ मध्ये आम्ही घर बदललं तेव्हा आईने सांगितलं आणि मी ती ट्रंक स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला दिली. भाऊ तेरा वर्षांचा होता, दोन दिवस जेवला नाही. ह्या सप्टेंबरमध्ये तो पंचेचाळीसचा झाला आणि मला त्याला ती बोट परत द्यायची होती, बस एवढंच होतं माझ्या मनात.

२ ऑगस्टला रील दिसली. 'नव्वदच्या आठवणी दर महिन्याला घरपोच', न विकला गेलेला जुना ओरिजिनल स्टॉक, आत काय येईल ते आधी कळत नाही असा मिस्टरी बॉक्स, पहिला फक्त ४९९. रीलमध्ये एक माणूस बॉक्स उघडतो, बोट बाहेर काढतो आणि त्याचे डोळे भरून येतात. लिंकवर गेलं की आधी एक फॉर्म. कुणासाठी घेताय, लहानपणी काय खेळायचा, कोणतं खेळणं हरवलं, मनातलं लिहा म्हणजे बॉक्स तसा भरू. मी लिहिलं हो. ट्रंकेचं, आईचं, भंगारवाल्याचं, सगळं लिहिलं. पैशांपेक्षा ह्याचा राग जास्त येतो मला, कारण पुढे प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडून पैसे काढले ते माझंच लिहिलेलं मला परत ऐकवून. असा आठवणींचा फॉर्म कुणी भरायला सांगितला तर तिथेच बंद करा. दुकानदाराला तुमची बोट कशी हरवली हे कळायची काही गरज नसते.

पैसे भरताना यूपीआयचा स्क्रीन आला, पिन टाकला, ४९९ गेले. तो स्क्रीन मी नंतर परत काढून पाहिला. वर 'ऑटोपे' लिहिलेलं, म्हणजे पुढेही पैसे आपोआप कापायची परवानगी (हिलाच मँडेट म्हणतात), कमाल रक्कम ४,९९९, वारंवारिता 'मागणी येईल तेव्हा', मुदत २०३५ पर्यंत. मी ४,९९९ वाचलं ते ४९९ म्हणून. आकडा मुद्दामच तसा ठेवलेला, एक नऊ जास्त, हे आता माझ्या लक्षात येतंय. ऑटोपेचे पैसे १५,००० पर्यंत असतील तर पुढच्या वेळी पिन लागतच नाही. कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज येतो, मला पण आले होते, पण दिवसाला चाळीस मेसेज येतात, लोनचे, सेलचे, त्यात कोण बघतं. आत्ता हे वाचताय तर आत्ताच आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं जे काही लिहिलं असेल ते उघडा, माझ्या मिस्टरांच्या ॲपमध्ये कधीच बंद केलेल्या दोन ॲप्सची मँडेट जिवंत निघाली.

१४ ऑगस्टला पहिला बॉक्स आला. आणि आता ते सांगते ज्याने मला अजून रात्री झोप येत नाही.

वाढदिवसाला अजून महिना होता म्हणून मी आधी एकटीनेच उघडून पाहिला. तीन गोट्या, एक भोवरा, होलोग्राम लावलेलं 'खरेपणाचं प्रमाणपत्र', आणि बोट. लाल-निळी, अगदी तशीच. तिच्या खोक्यावर 'मेड इन बॉम्बे', खाली १९९१, आणि खाली किंमत, ₹१२. मी ते वाचलं. चष्मा लावून वाचलं. आणि मला वाटलं, बारा रुपये, आईकडे त्या बोटीसाठी किती रडला होता हा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या आणि मी ती परत खोक्यात ठेवून वर गिफ्टचा कागद लावला.

₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला मंजूर केलं. मी तेव्हा कॅशवरच होते! आमच्या कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये ते उमटायचं नाही, चौकोन यायचा, म्हणून कितीतरी दिवस आम्ही 'रु.' असंच टाइप करत होतो, व्हाउचरवर हाताने काढायची सवय करायला मला वर्ष लागलं असेल. १९९१ च्या खोक्यावर ते चिन्ह येणार कुठून? जगातल्या कुणाला नाही कळलं तरी मला कळायला हवं होतं. पंधरा मिनिटं ती बोट माझ्या हातात होती. त्या दिवशी कळलं असतं तर ४९९ वर सुटले असते.

उलट मी व्हॉट्सॲपवर त्यांना थँक्यू पाठवला. लगेच उत्तर, 'ताई, तुमच्या भावाची स्टोरी वाचून आमची पूर्ण टीम इमोशनल झाली, त्यांच्यासाठी सीलबंद जी.आय. जो बाजूला काढून ठेवलाय, कलेक्टर अपग्रेड ३,४५०, उद्यापर्यंतच ठेवू शकतो.' उद्यापर्यंतच म्हणाले की समजून जा, तीस वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल एका दिवसात कुठे पळून जात नाही. मी भरले. मग ३ सप्टेंबरला १,९९९ कापले गेले आणि ९ सप्टेंबरला परत १,९९९, 'फेस्टिव्ह बॉक्स' म्हणून, जो कधी आलाच नाही. विचारलं तर म्हणे वाढदिवसाला सगळं एकत्र पोचेल ताई, टेन्शन घेऊ नका.

२१ तारखेला भाऊ, वहिनी, मुलं, सगळे जमले. केक झाला, त्याने बोट उघडली. एक मिनिट काहीच बोलला नाही, मला वाटलं गहिवरला. मग हळूच म्हणाला, "ताई, एक्क्याण्णवला हे चिन्ह कुठं होतं गं?" नंतर बोट उलटी केली. खऱ्या बोटीला खाली मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या असतात, त्यात आधी पाणी भरायचं आणि मग वात पेटवायची, पाणी तापून नळ्यांतून मागे ढकललं जातं, म्हणून ती चालते आणि वरचा पातळ पत्रा टरटर वाजतो. हिला नळ्याच नव्हत्या. नुसता रंगवलेला पत्रा. जी.आय. जो तर विचारूच नका. भाऊ म्हणाला खऱ्या सैनिकाच्या पोटात रबराची रिंग असते, ती तुटली की कमरेपासून दोन तुकडे होतात, आमच्या अर्ध्या सैनिकांचं तेच झालं होतं. हा कमरेत वळतच नव्हता, सगळं एकसंध प्लास्टिक, मागचा पुठ्ठा म्हणजे कलर झेरॉक्स आणि वरचं पारदर्शक प्लास्टिकचं कवच ग्लू गनने चिकटवलेलं. 'ओरिजिनल १९९४' ट्रम्प कार्डांवर टीव्हीवरच्या कुस्तीचं डब्ल्यूडब्ल्यूई छापलेलं, आणि ते नाव २००२ ला बदललं, तोपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं हे भाच्याने मोबाईलवर काढून दाखवलं. भाऊ एका शब्दाने रागावला नाही. त्याने मला जवळ घेतलं, आणि ते मला जास्त लागलं.

आता सगळ्यात लाजेची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिफंड मागितला, सगळं लिहून पाठवलं, चिन्हाचं, नळ्यांचं, कार्डांचं, फोटोसकट. ते म्हणाले चूक आमची, पूर्ण ७,९४७ परत देतो, फक्त रिफंड प्रोसेसिंग १,००० अधिक १८ टक्के जीएसटी, १,१८० भरा, ते पण परत मिळतील. २४ तारखेला मी भरले. का भरले? कारण भावासमोर झालेलं मला कसंही करून पुसून टाकायचं होतं. माणूस पैशासाठीच फसतो असं नाही, झाकून टाकायच्या घाईत पण फसतो. तासाभरात नंबर ब्लॉक. पैसे परत मिळायला पैसे भरावे लागत नाहीत, हे मी काउंटरवर लोकांना सांगत असते.

आणि त्यानंतर जे दारोदार फिरणं झालं त्याचा संताप वेगळाच. बँकेत गेले, म्हणाले पिन तुम्हीच टाकला, मँडेट तुम्हीच मंजूर केलं, हे अनधिकृत व्यवहारात बसत नाही, म्हणजे तीन दिवसांत कळवा वगैरे जो नियम आहे तो तुम्हाला लागू नाही. बरं, मग मँडेट तरी बंद करा? ते तुमच्या ॲपमधून तुम्हीच करा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, तिथे फोन केला, तिसऱ्या वेळी लागला, तिथल्या बाई म्हणाल्या पार्सल मिळालंय ना, मग ही ग्राहक तक्रार आहे, ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर करा. १९१५ वर तक्रार घेतली, नंबर दिला, विक्रेत्याला ईमेल पाठवला, उत्तर आलं नाही आणि अठरा दिवसांनी तक्रार बंद झाल्याचा मेसेज. उत्तर आलं नाही म्हणून बंद! पोलीस स्टेशनला तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा सायबरवाले रजेवर. तिसऱ्यांदा एका हवालदारांनी बॉक्स उघडून पाहिला, भोवरा हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडम, डबा आला ना तुम्हाला? आत खेळणी आहेत ना? मग फसवणूक कुठं झाली?" मी म्हटलं १९९१ चा माल म्हणून कालचा विकला, ही न्याय संहितेच्या ३१८ ची फसवणूक नाही का, जी आधी ४२० होती? तर म्हणाले दहा हजार पण नाहीत मॅडम, लाखालाखाची प्रकरणं पडलीत इथं.

हेच त्या लोकांना पक्कं माहीत आहे. काहीच पाठवलं नसतं तर गुन्हा नोंदला गेला असता. दोनशे रुपयांचा कचरा खोक्यात घालून पाठवला की ती 'ग्राहक तक्रार' होते. आणि मिस्टरी म्हटलं की काय देणार हे लिहिलेलंच नसतं, मग काय कमी आलं ते तुम्ही सिद्ध करणार कसं? म्हणून घ्यायचंच असेल तर आत काय आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्या, आणि पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा, माझ्याकडे तो नाही आणि प्रत्येक जण पहिलं तेच मागतो.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात करता येतो, एवढं तरी चांगलं आहे. पण अर्जात समोरच्याचा पत्ता लागतो आणि पार्सलवरचा पत्ता म्हणजे कुरिअरचं गोडाऊन निघालं, भाऊ स्वतः जाऊन आला. ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे विक्रेत्याने नाव, पत्ता, तक्रार अधिकारी सगळं दाखवायला हवं, सबस्क्रिप्शनच्या जाळ्यात अडकवणं सुद्धा २०२३ पासून डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला गंडवणारी ऑनलाइन मांडणी, म्हणून बंद आहे. कागदावर सगळं बंद आहे. पैसे भरायच्या आधी पत्ता शोधा, नकाशावर टाकून बघा, मिळाला नाही तर सोडून द्या. आणि नव्या खेळण्याला १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयचा मार्क सक्तीचा आहे, हा माल नवा असून त्यावर तो पण नव्हता. लहान मुलाने तोंडात घातलं असतं तर?

हे आज लिहायला बसले त्याचं कारण काल रात्रीचं. तीच बोट परत दिसली, दुसऱ्या नावाने, दुसरी रील, खोकं तेच, बॉम्बे तेच, १९९१ तेच. फक्त किंमत आता 'रु. १२' अशी छापलीय. मीच लिहून पाठवलं होतं ना त्यांना काय चुकलंय ते. कार्डांवर पण आता डब्ल्यूडब्ल्यूएफ आहे. म्हणजे चिन्ह बघून आता ओळखता येणार नाही. त्यांना म्हणा बोट उलटी करून खालच्या नळ्या दाखवा, त्यात पाणी भरा आणि कॅमेऱ्यासमोर वात पेटवून चालवून दाखवा. नळ्यांबद्दल पण मी लिहिलं होतं त्यांना, पण त्या अजून बसवलेल्या दिसत नाहीत, रीलमध्ये बोट एकदाही पाण्यात सोडलेली नाही.